‘वस्तू’ कशाला म्हणायची?

२००४ च्या उन्हाळ्यात मी पुण्याहून अमेरिकेत गेलो तो ‘केटी’ घ्यायला. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. आमच्या क्षेत्रात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही, पण इतरांसाठी सांगतो. जी माणसे वर्षानुवर्षे एखादी संगणकप्रणाली सांभाळत आली, त्यांनी ती आपल्या जागी येणाऱ्यांना शिकवायची आणि शिकवून झाले की घरी जायचे. आमची प्रणाली एका विमा कंपनीच्या क्लेम विभागाची, कोबोल या जुन्या संगणकभाषेतली होती. शिकवणाऱ्या बाई पन्नाशी ओलांडलेल्या होत्या आणि त्या खात्यात त्यांची एकोणीस वर्षे गेली होती. त्यांच्याकडे एक जाडजूड निळी फाईल होती. कोणत्या महिन्याच्या अखेरीला कोणता ‘जॉब’, म्हणजे संगणकाने आपोआप चालवायचे काम, हमखास अडकतो आणि तो कसा सोडवायचा, हे तिच्यात पेन्सिलीने लिहिलेले होते. सहाव्या आठवड्याच्या शेवटी त्यांनी ती फाईल माझ्यापुढे सरकवली, मार्चअखेरचे पान मुद्दाम उघडून दाखवले आणि पेन्सिलही तिच्यातच ठेवून दिली.

पुढे हिंजवडीत आम्ही पाच जण ते काम पाहू लागलो. नोव्हेंबरात बाईंचे ईमेल आले. अमेरिकेच्या श्रम खात्याकडे त्यांना एक अर्ज करायचा होता. परदेशी व्यापारामुळे ज्यांची नोकरी जाते, त्यांना नवे शिक्षण घेण्याचा खर्च आणि ते चालू असेपर्यंत भत्ता देणारी सरकारी योजना आहे, तिच्या अर्जात आपले काम कुठे गेले हे लिहायचे असते, तेव्हा तुम्ही आता काय करता आणि कुठे बसून करता हे दोन ओळींत कळवाल का, असे त्यांनी विचारले होते. मी ते ईमेल रीतसर वरिष्ठांकडे पाठवले. उत्तर देऊ नये असे मला सांगण्यात आले, आणि मी ते दिले नाही.

ही योजना म्हणजे ‘ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स’. तिच्याबद्दल मी गेली अनेक वर्षे जमेल तसे वाचत आलो आहे, त्यामागे अर्थातच ते न दिलेले उत्तर आहे. वाचून माझे जे मत झाले ते असे, की या योजनेत पैसे किती मिळतात हा प्रश्न दुय्यम होता. तिचा खरा दोष पात्रतेच्या व्याख्येत होता, कारण नोकरी गेलेल्या माणसाला ती ‘तुला काय हवे’ असे कधी विचारतच नव्हती. ‘तुझी नोकरी नेमकी कशामुळे गेली ते सिद्ध कर’ एवढेच ती सांगत होती, आणि सिद्ध करण्याची साधने मात्र त्याच्या हातात नव्हती.

योजनेचा उगम १९६२ च्या ऑक्टोबरात केनेडींनी सही केलेल्या व्यापारविस्तार कायद्यात आहे. त्यामागचा विचार मला आजही न्याय्य वाटतो. आयातशुल्क उतरवले की स्वस्त मालाचा फायदा देशभरच्या गिऱ्हाइकांना थोडाथोडा मिळतो, तोटा मात्र एखाद्या गावातल्या एखाद्याच कारखान्याच्या फाटकाशी येऊन बसतो. तेव्हा ज्या सरकारने सर्वांच्या वतीने हा सौदा केला, त्याने तोटा सोसणाऱ्याची भरपाई करावी. परंतु कायद्याने अट घातली ती दुहेरी. आयात वाढली ती मुख्यतः शुल्कात दिलेल्या सवलतीमुळे, आणि नोकरी गेली ती मुख्यतः त्या वाढीव आयातीमुळे, असे दोन्ही दाखवायचे. ही अट इतकी घट्ट होती, की १९६९ च्या नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे जवळपास सात वर्षे, एकही कामगार पात्र ठरला नाही. कामगार संघटनांच्या वर्तुळात या योजनेला ‘अंत्यविधीचा विमा’ म्हणत. सुरुवातीच्या त्या वर्षांत तर विम्याचाही पत्ता नव्हता.

१९७४ च्या व्यापार कायद्याने गाठ सैल केली. आता आयातीचा वाटा ‘महत्त्वाचा’ असला की पुरे होते, आणि महत्त्वाचा म्हणजे इतर कोणत्याही कारणापेक्षा मोठा असलाच पाहिजे असे नाही, हेही कायद्यातच स्पष्ट केले गेले. त्याचा परिणाम लगेच दिसला. १९८० साली मोटार उद्योगातल्या कपातीनंतर भत्त्यांचा खर्च दीड अब्ज डॉलरच्या वर गेला आणि पुढच्याच वर्षी रेगन सरकारने योजनेला कात्री लावली. दार किलकिले करायचे, माणसे आत येऊ लागली की पुन्हा ओढून घ्यायचे, हा क्रम या योजनेच्या इतिहासात वारंवार दिसतो.

पात्रता ठरते कशी, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. अर्ज एकट्याचा नसतो. तो कामगारांच्या गटासाठी असतो आणि दाखलाही गटालाच मिळतो. पाच टक्के कामगार किंवा पन्नास कामगार, यांपैकी जो आकडा लहान असेल तितक्यांच्या नोकऱ्या गेलेल्या असाव्या लागतात. पन्नासांपेक्षा लहान आस्थापनेत तीन पुरतात. कंपनीची विक्री किंवा उत्पादन घटलेले हवे. ‘तशाच अथवा थेट स्पर्धा करणाऱ्या’ मालाची आयात वाढलेली हवी. हे तपासण्यासाठी श्रम खात्याचा तपासनीस कंपनीला गोपनीय प्रश्नावली पाठवतो, आणि गरज पडली तर कंपनीच्या गिऱ्हाइकांना विचारतो, की तुम्ही यांच्याकडची खरेदी कमी करून परदेशी माल घेऊ लागलात काय. म्हणजे अर्ज कामगाराचा आणि साक्ष मालकाची. ज्या अधिकाऱ्याने नोकरीवरून काढले, त्यानेच भरून दिलेल्या कागदावर काढलेल्या माणसाचे शिक्षण अवलंबून राहणार. त्याने घाईघाईत चुकीच्या रकान्यात खूण केली तरी अर्जदाराला ते दिसत नाही, कारण ती माहिती गोपनीय असते.

बाईंचा अर्ज २००५ च्या सुरुवातीला फेटाळला गेला. तो ज्या शब्दावर अडला, तो शब्द होता ‘वस्तू’. कायदा म्हणत होता, की कामगार ‘वस्तू’ तयार करणाऱ्या आस्थापनेतला असावा. त्या काळी श्रम खात्याचे म्हणणे असे, की संगणकप्रणाली सीडीवर छापून, खोक्यात घालून विकली तर ती वस्तू होय, पण तीच तारेवरून पाठवली तर ती सेवा. शिवाय २००२ च्या सुधारणेत आणखी एक मेख होती. काम मेक्सिकोसारख्या मुक्त व्यापार करार असलेल्या देशात हलवले गेले असेल, तर तेवढे दाखवून भागत असे. भारताशी असा करार नव्हता, त्यामुळे काम इकडे आले असेल तर आयातही वाढली आहे किंवा वाढण्याची शक्यता आहे, हे वेगळे दाखवावे लागे. नोकरी गेलेल्या माणसाच्या घरभाड्याला त्याचे काम सीमेपलीकडे गेले की समुद्रापलीकडे, याने काय फरक पडतो, हे मला कधीच उमगलेले नाही.

याच सुमारास कम्प्युटर सायन्सेस कॉर्पोरेशन या संगणकसेवा कंपनीच्या माजी कर्मचाऱ्यांनी अमेरिकेच्याच आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात दाद मागितली होती. आमचे काम भारतात गेले, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने प्रकरण खात्याकडे परत पाठवले, आणि २००६ च्या एप्रिलमध्ये खात्याने मान्य केले, की हाताला न लागणारी वस्तूही वस्तूच असते. बाईंना याचा काही उपयोग झाला नाही. फेरविचारासाठी तीस दिवस असतात, ते केव्हाच उलटले होते. नवा अर्ज करावा, तर अर्जाच्या तारखेपूर्वीच्या एका वर्षात ज्यांची नोकरी गेली तेवढ्यांनाच तो लागू होतो. त्यांची देखभालीची कामे त्या नव्या अर्थात तरी बसली असती का, हा पुन्हा निराळाच प्रश्न. मी उत्तर दिले असते तरी त्या नियमाखाली त्यांचा अर्ज फेटाळला गेलाच असता, असा हिशेब मी पुढे अनेकदा मांडला आहे. हिशेब बरोबर आहे. त्याने मन मात्र हलके झालेले नाही.

सेवाक्षेत्राला स्पष्ट जागा मिळाली ती २००९ मध्ये, आणि काम कोणत्याही देशात गेले तरी चालेल असे ठरले तेही तेव्हाच. २०११ च्या फेब्रुवारीत या तरतुदींची मुदत संपली, ऑक्टोबरात नवा कायदा आला, २०१४ च्या सुरुवातीला नियम पुन्हा जुने झाले, २०१५ मध्ये पुन्हा सैल झाले, २०२१ च्या जुलैत पुन्हा घट्ट. अर्जाचा क्रमांक सत्तर हजारांत आहे, ऐंशी हजारांत आहे, की पंच्याऐंशी हजारांच्या पुढे, यावरून कामगाराला काय लागू आहे ते कळे. एकाच कारखान्यातल्या दोघांच्या हाती काही महिन्यांच्या अंतराने गुलाबी चिठ्ठी पडली, तर एकाला जे मिळे ते दुसऱ्याला मिळेलच असे नसे.

हे वाचताना मला सारखा माझा मामा आठवतो. तो मुंबईतल्या एका गिरणीत साचेखात्यात होता. भारत सरकारने १९८६ मध्ये बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधीची योजना आणली होती, तिच्यात पहिल्या वर्षी पगाराच्या पंचाहत्तर टक्के, दुसऱ्या वर्षी पन्नास आणि तिसऱ्या वर्षी पंचवीस टक्के मदत होती. ऐकायला हे चांगलेच होते. परंतु गिरणी कायद्याने ‘कायमची बंद’ झालेली असावी लागे आणि कामगाराची तिथे सलग पाच वर्षे भरलेली असावी लागत. मामाच्या गिरणीचे भोंगे थांबले, साचे भंगारात गेले, पण कागदोपत्री ती बंद झालेली नव्हती. आई त्याला म्हणाली, ‘दादा, अर्ज तरी करून ठेव.’ तो म्हणाला, ‘अगं, गिरणी चालू आहे म्हणे. मग मीच घरी का बसलोय, ते त्यांना विचार.’ तिथे परदेशी व्यापाराचा प्रश्न नव्हता, हे मला ठाऊक आहे. व्याख्येची करामत मात्र तीच होती.

योजनेवरचा नेहमीचा आक्षेप असा, की परदेशी मालामुळे ज्याची नोकरी गेली त्याला वेगळी वागणूक का. यंत्रामुळे किंवा मालकाच्या गैरकारभारामुळे ज्याची गेली त्याने काय पाप केले? हा आक्षेप मला निम्मा पटतो. कारणावरून पात्रता ठरवायची म्हटली, की कारणांची गुंतवळ सोडवणारा तपासनीस लागतो, आणि मग नशीब त्याच्या हातात जाते. बेंजामिन हायमन या अर्थतज्ज्ञाने नेमके हेच वापरून अभ्यास केला. काही तपासनीस हात सैल सोडणारे असतात, काही आवळणारे, आणि कोणाचा अर्ज कोणाकडे जाईल हे जवळपास योगायोगावर असते. मंजूर आणि नामंजूर झालेल्यांची तुलना करता, मंजूर झालेल्यांची दहा वर्षांतली एकूण कमाई सुमारे ५०,००० डॉलरने जास्त निघाली. याचा अर्थ योजना निरुपयोगी नव्हती. ती ज्यांच्यापर्यंत पोहोचली त्यांना तिने हात दिला, आणि कोणापर्यंत पोहोचायचे हे बऱ्याच अंशी फाईल कोणाच्या टेबलावर पडली यावर ठरले.

पोहोचली किती थोड्यांपर्यंत, हेही पाहा. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी चिनी आयातीचा फटका बसलेल्या भागांचा जो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात अशा भागांत सरकारी मदतीचा खर्च वाढलेला दिसतो, पण ती वाढ प्रामुख्याने अपंगत्व, निवृत्तिवेतन आणि वैद्यकीय मदतीची आहे. खास याच माणसांसाठी काढलेल्या योजनेचा वाटा त्यात नगण्य आहे. म्हणजे लोकांनी शेवटी अशा खिडक्या गाठल्या, जिथे ‘का’ हा प्रश्न निराळ्या रीतीने विचारला जात होता.

आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग मला पटत नाही, कारण व्यापार करार हा पावसासारखा आपोआप पडत नाही. त्यावर सरकारची सही असते. सही करताना दिलेला शब्द पाळायचा असेल, तर निदान पुरावा देण्याची जबाबदारी तरी योग्य खांद्यावर टाकावी. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यानुसार शंभर वा अधिक कामगार असलेल्या कंपनीला मोठ्या कपातीची नोटीस साठ दिवस आधी द्यावी लागते. त्या नोटिशीत ‘हे काम आता कुठे आणि कोण करणार’ असा एक रकाना सक्तीचा करायला हवा, आणि त्यात परदेशाचे नाव आले की कामगार आपोआप पात्र धरावा. कंपनीला हे ठाऊक नसते असे कोणी म्हणू नये. आमच्या केटीचे तपशीलवार वेळापत्रक बाईंना कळण्याच्या तीन महिने आधी तयार होते.

१ जुलै २०२२ पासून योजनेची मुदत संपली आणि नव्या अर्जांची चौकशी करण्याचा, दाखला देण्याचा श्रम खात्याचा अधिकारच गेला. आधी पात्र ठरलेल्यांना त्यांचे लाभ मिळत राहिले, नव्यांचे अर्ज मात्र नुसते साठत गेले. त्यानंतर अमेरिकेत व्यापारावरून जेवढे बोलले गेले तेवढे कित्येक वर्षांत बोलले गेले नसेल. २०२५ च्या ऑगस्टअखेर बऱ्याचशा भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले गेले, त्यातले निम्मे भारत रशियाकडून तेल घेतो या कारणावरून. अमेरिकी कामगारासाठी साठ वर्षांपूर्वी उघडलेली खिडकी बंद पडली आहे, याचा त्या सगळ्या गदारोळात मला फारसा कोठे उल्लेख आढळला नाही.

त्या अर्जाचा नमुना मी काढून पाहिला आहे. काम परदेशात गेले असल्यास कोठे, असे विचारणारी जागा त्यात आहे, आणि ती फार मोठी नाही. २००४ च्या नोव्हेंबरात तिथे एवढेच लिहावे लागले असते : काम पुण्याला, हिंजवडीत गेले, पाच माणसे ते करतात, त्यांपैकी एक मी.