हे कोण?

‘पेशंट म्हणजे पेशंट. आम्ही कुणाला जात विचारतो का? मग यांनाच वेगळा दवाखाना कशाला?’ सांगलीचा माझा आत्तेभाऊ, आमचा दादा, स्वतः डॉक्टर, फोनवर म्हणाला. विषय होता पुण्या-कल्याणच्या ‘मित्र’ क्लिनिकचा. ट्रान्स रुग्णांसाठीची ही क्लिनिक अमेरिकेची मदत थांबल्यामुळे जानेवारी २०२५मध्ये बंद पडली, हैदराबादचंही. ते वाक्य मला अजून टोचतंय.

पेशंट म्हणजे पेशंट, तर मग ऑगस्ट २०२४मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’त का घातले? टीका झाली तेव्हा सप्टेंबरात मागे घेतले. तोवर समलिंगी संबंध गुन्हा नाही असा कलम ३७७चा निकाल लागून सहा वर्षं झाली होती. दादा तर त्याआधीच शिकून बाहेर पडला. त्याच्या पिढीला आम्ही भेटलो ते गुन्ह्यांच्या धड्यात.

इथे मँचेस्टरला जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवताना जवळचं माणूस म्हणून मी जोडीदाराचं नाव सांगितलं. रिसेप्शनवरच्या बाईंनी स्पेलिंग तेवढं विचारलं. जून २०२१मध्ये समलिंगी पुरुषांच्या रक्तदानाचे इथले नियम बदलले, तेव्हापासून आम्ही दोघं रक्त देतो. माझ्या गावच्या शिबिरात २०१७च्या नियमांनुसार माझं रक्त चालत नाही. ‘तुमच्याकडे ट्रान्स लोकांच्या जेंडर क्लिनिकला वर्षानुवर्षं नंबर लागत नाही, त्याचं काय?’ दादा म्हणाला. नाही लागत, आणि ते वाईटच आहे. पण रांग तरी आहे ना! पुण्याच्या क्लिनिकला तर कुलूप लागलं.

पेशंट म्हणजे पेशंट. आणि पेशंटजवळ रात्री थांबणारा?

दोन वर्षांपूर्वी गणपतीत आम्ही दोघं घरी गेलो होतो. मला डेंगी झाला. सांगलीतल्याच एका खासगी रुग्णालयात काउंटरवरच्या मुलाने जोडीदाराकडे बघून विचारलं, ‘हे कोण?’

‘मित्र,’ मी म्हणालो. कुणी दटावलं नव्हतं, कुणी रोखलं नव्हतं. चौदा वर्षांच्या संसाराला मीच ते नाव दिलं. पास एकच, तोही नातेवाइकाला. फॉर्मवर दादाने सही केली, ‘भाऊ’ लिहिलं. रात्रभर खुर्चीत बसून तो माझ्या कपाळावरच्या पट्ट्या बदलत राहिला. एवढी माया करणाऱ्या माणसाला हे कळू नये, याचाच मला त्रास होतो. आणि त्यालाही मी तेव्हा ‘मित्र’च सांगितलं होतं.

अकरा वाजता लॉजवरून मेसेज आला, ताप किती आहे? मी दादाला विचारलं आणि कळवलं.