पाणचक्कीत चक्की किती, पाणी किती?

रविवारी टपरीमागच्या कट्ट्यावर पाणचक्कीचा विषय निघाला. औरंगाबादची पाणचक्की. हो, आता छत्रपती संभाजीनगर. त्या वादात एक अख्खा रविवार आधीच गेलाय.

"तिकीट काढून आत जायचं आणि बघायचं काय, तर एक जातं!" आमचा इंजिनिअर पेटला होता. "त्याच्यापेक्षा आमची घरघंटी बरी."

सरांनी कप खाली ठेवला. "जात्याकडे काय बघत बसलास? मान वर कर की. ती उंच भिंत आहे ना, पाणी तिच्यातून वर चढतं. उत्तरेच्या डोंगरातून काही किलोमीटर, जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येतं. मोटार नाही, काही नाही. उगमच उंचावर, म्हणून नुसत्या दाबानं भिंतीच्या माथ्यापर्यंत जातं आणि तिथून हौदात कोसळतं. त्याच पाण्याच्या जोरावर खालची पाती फिरायची आणि वर दळण व्हायचं."

"ते मान्य," इंजिनिअर जरा नरमला. "नळात हवा अडकली की दाब मरतो, म्हणून वाटेत मनोरे उभारलेत. मलिक अंबरचं डोकंच वेगळं होतं."

"मलिक अंबर नाही!" सर आणि ताई एकदमच ओरडले. अंबर 1626 मध्ये वारला. त्याची नहर, म्हणजे पाणी आणणारी नळवाट, वेगळी. ही नंतरची, बुखाऱ्याकडून आलेल्या बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहशी, म्हणजे सूफी मठाशी, जोडलेली. चक्कीच्या सालावर मात्र सरांचाही आवाज खाली आला, कारण कुणी 1695 लिहितं, कुणी 1744. सगळा परिसर एका दमात बांधलेला नाही, तेव्हा मला या घोळाचं फारसं नवल वाटत नाही.

ताई आर्किटेक्ट. तिचं म्हणणं, खरी करामत खालच्या दालनात आहे. वरच्या हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. एवढं पाणी जाडजूड खांबांवर तोललेलं, आणि त्यामुळे मे महिन्यातही आत गारवा. मुक्कामाला येणाऱ्या मुसाफिरांची याहून चांगली सोय कुणी केली असती? मला स्वतःला तिथलं हेच सगळ्यात आवडतं, आणि बहुतेक लोक कारंज्यापाशी सेल्फी काढून परत फिरतात.

"मग चक्की चालू करा ना परत," इंजिनिअर म्हणाला. "पीठ विका. फकिरांना, फौजेला पुरायचं म्हणतात."

"कशाला?" ताई म्हणाली. "इंग्लंडात सफकमध्ये फ्लॅटफर्डची पाणचक्की आहे, 1733 ची. चित्रकार कॉन्स्टेबलच्या बापाची. तिथलं दळण कधीच थांबलं. 1946 पासून पोरं निसर्गाचा अभ्यास करायला तिथं राहतात. इमारत वापरात आहे, बास."

मुन्नाभाई इतका वेळ गप्प होता. "आपल्याकडेही वापरात आहेच की. दर्गा आहे, नमाज होते, टूरिस्ट येतात. राज्याच्या वक्फ बोर्डाचं मुख्य ऑफिस तिथंच. दफ्तर आणि दर्गा एका आवारात, और क्या चाहिए?"

मी म्हटलं, वापर बदलला याचं दुःख नाही. खानकाहला चक्की लंगरापुरती हवी होती, आज नको. पण भिंतीवरून पडणारं पाणी थांबलं तर उरेल ती नुसती कोरडी भिंत, मग आत दफ्तर असो की म्युझियम. म्हणून पैसा आला तर तो रंगीत दिव्यांवर नको, आधी नहरेवर घाला. शहर वाढलं तसं तिच्यावर रस्ते आले, घरं आली, नळ फुटले.

"एकदम बरोबर," सर म्हणाले. "नहर मोकळी करायलाच हवी."

"करा ना, सर," मुन्नाभाई हसला. "फक्त पहिला खड्डा कुणाच्या अंगणात खणायचा, तेवढं सांगा."

सरांनी आणखी एक कटिंग मागवला आणि विषय क्रिकेटवर नेला.