फिरतं चाक स्वतःची बॅटरी भरत नसतं, दाजी

गंगाखेडच्या दाजींनी परवा घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला आणि खाली विचारलं, "४,९९९ भरून बुकिंग करू का?" व्हिडिओचं म्हणणं असं: चाकात बसणारी 'नासाची' मोटर आली आहे. जुन्या मोटारसायकलच्या मागच्या चाकात बसवा, चाक फिरलं की बॅटरी आपोआप भरते, जन्मात चार्जिंग नको. मेंटेनन्स शून्य, आरटीओची भानगड नाही, आणि पेट्रोलवाल्यांनी हे आजवर दाबून ठेवलं होतं. परभणीत इलेक्ट्रिक स्कूटर दुरुस्त करून माझं पोट चालतं, त्यामुळं हा व्हिडिओ आठवड्यात तिघांनी मलाच पाठवला.

दाबून ठेवल्याचं आधी उरकतो. फर्डिनांड पोर्शेनं चाकात मोटर बसवलेली गाडी १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात सगळ्या जगापुढं ठेवली होती. आज टीव्हीएसची आयक्यूब मागच्या चाकातल्या मोटरवरच पळते. शोरूममध्ये मांडून कुणी दाबून ठेवतं का?

आता ते 'आपोआप भरते'. माझ्याकडं स्टँडवर असं एक चाक कायम असतं. आत तांब्याची वेटोळी, बाहेरच्या कड्याला चुंबकं, आणि एक्सलमधून बाहेर आलेल्या तीन जाड वायरी: पिवळी, हिरवी, निळी. वायरी सुट्या ठेवून फिरवा, चाक सहज फिरतं. तिन्हींची टोकं एकमेकींना जोडून फिरवा, मारक्या बैलाला ओढल्यागत मनगट दुखतं. वीज तयार व्हायला लागली की चाक अडतं, म्हणजे ती वीज तुमच्या मनगटातून निघते. रस्त्यावर मनगट कुणाचं? बॅटरीचंच. बोअरचं पाणी उपसून परत बोअरमध्येच सोडायचं आणि पाणी वाढलं म्हणायचं, असला हिशोब आहे हा. वर मोटर तापण्यात जातं ते वेगळंच.

ब्रेक मारताना, उतारावर थोडी वीज परत मिळते, हे मान्य. पण किती? दोन माणसांसकट २३० किलोची स्कूटर ताशी ३६ किलोमीटरवरून थांबवली आणि सगळीच्या सगळी शक्ती परत मिळाली असं धरलं, तरी हातात येतात जेमतेम ३ वॉट-तास. त्यात गाडी शंभरेक मीटर जाईल. फुकटचा पेट्रोलपंप नव्हे तो.

आणि नासाचंच नाव घेता, तर ऐका. १९७१ साली अपोलो १५ नं चंद्रावर नेलेल्या गाडीच्या चारही चाकांना स्वतंत्र मोटर होती, प्रत्येकी पाव हॉर्सपॉवरची. बॅटऱ्या चांदी-जस्ताच्या, एकदा संपल्या की संपल्या, पुन्हा चार्ज न होणाऱ्या. चाक फिरून बॅटरी भरत असती, तर तिथं भरून घेतली नसती का त्यांनी? व्हिडिओवाल्याएवढी अक्कल नासाला नव्हती म्हणायची.

मेंटेनन्सचं अर्धं खरं आहे. चेन नाही, गिअर नाही, ऑइल नाही. पण मोटरचं सगळं वजन शॉकअब्सॉर्बरच्या खाली, म्हणून प्रत्येक खड्डा थेट तिला बसतो. पावसात वायरीच्या वाटेनं आत पाणी शिरतं. ट्यूबचं टायर पंक्चर झालं तर पंक्चरवाला वायरी बघूनच हात जोडतो, मग ते जड चाक ऑटोत घालून माझ्याकडं येतं.

आरटीओची सूट २५० वॉटच्या आतल्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या गाड्यांना आहे. पासिंग झालेल्या मोटारसायकलमध्ये मान्यता नसलेलं किट घालणं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. अपघात झाला तर विमावाले आधी तेच दाखवतील.

हे सगळं दाजींना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "पण चाक फिरवल्यावर बल्ब लागलेला दाखवलाय की." लागणारच. शाळेत असताना सायकलचा डायनमो टायरला टेकवला की पायडल जड व्हायचं, आठवतं का, विचारलं. थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "त्यातले ५०० कालच पाठवलेत."

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा म्हटलं, आत्ताच्या आत्ता.