पडदा फाटला, मग कबुली कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

सलाम. पापाची कबुली आणि भरपाई यावरच्या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: येशूच्या मरणाच्या वेळी मंदिराचा, परमपवित्र स्थान झाकणारा पडदा फाटला, देवाकडे जायची वाट मोकळी झाली, आता विश्वासणाऱ्याला कबुली आणि भरपाई सांगणं म्हणजे देवाच्या फुकट कृपेला कर्माचं ठिगळ लावणं, 'कृपेवर अविश्वास'.

पडद्याबद्दल वाद नाही. तो वरपासून खालपर्यंत फाटला (बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान, २७:५१), म्हणजे ते काम देवाचंच. पण '१ योहान १:९' (योहानाचं पहिलं पत्र) मधली 'पापं कबूल केली तर देव क्षमा करतो' ही ओळ विश्वासणाऱ्यांनाच लिहिलेली आहे. रुसलेलं लेकरू घरातलंच असतं, बापाशी बोलत नाही एवढंच.

आता मत्तय ५:२३-२४ बघा. वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायचा. येशूचं हे ऐकणारे उत्तरेकडच्या गालील प्रांतातले, वेदी यरुशलेमच्या मंदिरात. शंभराहून जास्त किलोमीटर, पायी साधारण तीन दिवस. जाऊन, भेटून परत यायचं तर आठवडा मोडला. तोवर अर्पण थांबलेलं येशूला चालतं!

पैशाचा मामला असेल तर जुन्या करारातल्या गणना ५:७ मध्ये हिशेबच दिलाय: मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा. दहा हजार दाबले असतील तर बारा हजार परत. ज्याचे पैसे तो नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला. पाचवा हिस्सा आजही बंधनकारक आहे, असं मी म्हणत नाही. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने तर लुबाडलेल्याच्या चौपट परत द्यायचं कबूल केलं. पण येशू त्याच्याकडे उतरायला आधी निघाला होता, चौपटीची भाषा नंतरची. ती कृपेची फी नव्हे.

फसतं कुठे? 'प्रभू, माझी सगळी पापं क्षमा कर' अशा घाऊक कबुलीत. कोणाशी, काय, कधी, हे नाव घेऊन सांगावं लागतं. माणसाकडे गेल्यावर 'दुखावलं असेल तर माफ कर' म्हटलं, की त्या 'असेल तर'ने सगळं पाण्यात. आणि मनातल्या मनात केलेला हेवा त्या माणसाला जाऊन सांगू नये. त्याला काहीच ठाऊक नसतं, उगीच त्याच्या डोक्याला ताप. ते देवापाशीच.

मात्र एकदा कबूल करून मिटलेलं तेच पाप दर प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घेण्याच्या विधीला) पुन्हा उकरणारे पुष्कळ आहेत. त्यांना तुमचा 'कृपेवर अविश्वास' हा शब्द बरोबर लागतो. मूळ लेखात हे राहून गेलं होतं, आज जोडतो.