कोल्हापुरात राहून पास्ता? होय, आणि तोही तीन तास बसून

नाताळच्या सुट्टीत आम्ही शाळेतल्या मैत्रिणी ताराबाई पार्कातल्या एका छोट्या इटालियन रेस्टॉरंटला दुपारी जेवायला गेलो, त्याचे फोटो टाकल्यापासून घरातले, बिल्डिंगमधले, माहेरचे सगळे एकच विचारालेत, अगं तांबडा-पांढरा सोडून हे काय खायला गेलीस? तर एकदा नीट सांगते, कारण मला हा विषय खरंच महत्त्वाचा वाटतो.

आधी हे बघा की डिसेंबरचा शेवटचा आठवडा सोडून आम्ही भेटणार कधी? दिवाळीत प्रत्येकीचं फराळ, पाडवा, भाऊबीज, सासर-माहेर यातच सगळं जातं. मे महिन्यात लग्नं आणि ऊन. गणपतीत तर बोलायलाच नको. नाताळात मात्र पुण्या-मुंबईच्या पोरांना सुट्टी असते, म्हणून मैत्रिणी आईकडं येतात, हवा छान असते आणि मुख्य म्हणजे घरात काही करायचं नसतं, ना नैवेद्य ना पाहुणे. फक्त मार्गशीर्षातला गुरुवार टाळायचा, कारण आमच्यातल्या दोघी उपवास धरतात.

आणि त्याच आठवड्यात आपलं गाव पर्यटकांनी भरलेलं असतं. अंबाबाईच्या दर्शनाची रांग लांबच लांब, बिंदू चौकाकडं गाडी लावायला जागा नाही, रंकाळ्यावर गर्दी, आणि मटणाच्या ताटाची नावाजलेली जी हॉटेलं आहेत तिथं आपण जेवत असताना पुढचे चौघे खुर्चीला हात लावून उभे असतात. त्यांचं चुकत नाही, लांबून आलेत बिचारे, भूक लागलेली असते. पण तिथं बसून गप्पा होत नाहीत, ताट संपलं की उठायचं. तांबड्या रश्श्यावर माझं कुणापेक्षाही कमी प्रेम नाही, पण त्यादिवशी मला रस्सा नको होता, मला माझ्या मैत्रिणी हव्या होत्या.

दीडची वेळ ठरली होती. एक गडहिंग्लजवरून येत होती ती उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकली आणि तिचा फोन, अगं मी आलो की, तुम्ही मागवा! पण कुणी मागवलं नाही. आधी नुसतं पाणी आणि गप्पा, मग ब्रुस्केटा, म्हणजे भाजलेल्या पावावर लसूण चोळून वर टोमॅटो आणि ऑलिव्ह ऑइल. इटालियन जेवणाची मला आवडणारी गोष्ट हीच, तिकडं सणासुदीच्या जेवणात सगळं एकदम वाढत नाहीत, आधी थोडं चटकमटक, मग पास्ता किंवा भात, मग मांस-मासे, सोबत भाजी, शेवटी गोड. प्रत्येक पदार्थाच्या मधे आपोआप बोलायला वेळ मिळतो. आपलं ताट सुंदरच असतं, पण ते भरलेलं समोर आलं की गार व्हायच्या आत संपवायची घाई असते.

मग आलिओ ए ओलिओ मागवला, लसूण, तेल, वाळलेली मिरची आणि स्पॅगेटी, बास. कोल्हापुरी जिभेला हा सगळ्यात जवळचा पास्ता आहे असं माझं ठाम मत आहे, आणि आपल्याकडं लोक नुसताच मका घातलेला व्हाइट सॉस मागवतात याचं मला वाईट वाटतं. ज्या अल्फ्रेडो पास्त्याच्या नावानं हा क्रीमचा सॉस खपतो तो मुळात रोममध्ये नुसतं लोणी आणि पार्मेजान चीज घालून करायचे, क्रीम नंतर अमेरिकेत आलं. एक मैत्रीण म्हणाली पास्ता कच्चा राहिलाय, परत पाठवूया. मी म्हटलं थांब, तो दाताला थोडा लागलाच पाहिजे, चार घास खाऊन बघ. खाल्ले आणि मग प्लेट सोडेना.

पास्त्याला मैद्याच्या नळ्या म्हणणाऱ्या काकांनाही सांगते, चांगला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो, आपला बन्सी गहू त्याच जातीतला. आणि आपल्या भागात खिरीला, शेवयांना जो खपली गहू वापरतात तोच गहू इटलीत फार्रो म्हणून सूपमध्ये, सॅलडमध्ये खातात. मिरची म्हणाल तर ती पाचशे वर्षांपूर्वी आपल्याकडं नव्हतीच आणि टोमॅटो इटलीत नव्हता, दोन्ही अमेरिका खंडातून आले. मग आपलं काय आणि त्यांचं काय, एवढं परकं मानायचं कारण मला तरी दिसत नाही.

रिसोट्टोला, म्हणजे त्यांच्या मऊ भाताला, वीस-पंचवीस मिनिटं लागतील असं वेटर दादांनी आधीच सांगितलं आणि मला ते फार आवडलं. तो तांदूळ थोडा थोडा गरम स्टॉक घालत, ढवळत शिजवतात, त्यातला स्टार्च सुटून तो दाटसर होतो, आणि आला की लगेच खायचा, ठेवला की गोळा होतो. मशरूमचा होता. मऊ गुरगुट्या भातावर तूप घालून खाल्ल्यासारखं पोटाला बरं वाटतं बघा. आमच्यातली एक पक्की शाकाहारी आहे, तिनं चीजचं विचारलं ते बरोबरच केलं, कारण अस्सल पार्मेजानमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. वेटर दादांनी आत जाऊन पाकीट बघून सांगितलं की आमचं चीज व्हेज आहे. शाकाहारी असाल तर विचारत जा, त्यात लाजायचं काही नाही.

आता जे मला मुख्य सांगायचंय ते. आमच्यातल्या एकीचे वडील या पावसाळ्यात गेले. तेव्हा आम्ही सगळ्यांनी फोन केले, दोघी-तिघी भेटूनही आलो, पण घरात माणसं, चहा, कोण आलं कोण गेलं, त्यात ती काय बोलणार. त्यादिवशी जेवण होऊन प्लेटा गेल्या, दोन तास झालेले, मुलं, नवरे, गुडघे, हार्मोन्स सगळं बोलून झालं, आणि मग ती आपणहून दवाखान्यातल्या शेवटच्या रात्रींचं बोलायला लागली. बाबा काय म्हणाले, तिनं काय उत्तर दिलं, काय द्यायचं राहिलं. कुणी मधे बोललं नाही, कुणी मोबाईल बघितला नाही. ती रडली, आम्हीही रडलो. हे बोलणं पहिल्या तासात येत नाही हो. फोनवर येत नाही, ग्रुपवर तर नाहीच. त्याला आधी इकडचं तिकडचं भरपूर बोलून व्हावं लागतं, आणि तेवढा वेळ बायकांना कुठं मिळतो?

घरी केलं असतं की, एवढे पैसे कशाला, असं सासूबाई प्रेमानंच म्हणाल्या. पण घरी माझ्याकडं बोलावलं असतं तर मी गॅससमोर पुऱ्या तळत असते आणि ही गोष्ट मला भिंतीपलीकडून अर्धी ऐकू आली असती. जिच्या घरी भेट तिला भेट नाही, हे आम्ही सगळ्याजणी वर्षानुवर्षं बघतोय. पुरुष रविवारी शेतावर चूल मांडून दिवसभर रस्सा-पार्टी करतात, निवांत बसतात, त्यांना कुणी विचारत नाही की एवढा वेळ कशाला. आम्हाला हळदीकुंकवाला अर्धा तास, भिशीला एक तास, तोही एक डोळा घड्याळावर. माणशी सात-आठशे रुपये खर्च आला आमचा. एखादी साडी कमी घेईन, पण अख्खी दुपार कुणी मला उठवणार नाही, कुणाला वाढायचं नाही, यासाठी ते पैसे मी आनंदानं देईन.

इटलीत तर यासाठी चळवळ झाली. 1986 साली रोममध्ये स्पॅनिश स्टेप्सजवळ मॅकडोनाल्ड्स उघडत होतं तेव्हा कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या सोबत्यांनी विरोध केला, त्यातूनच पुढं स्लो फूड चळवळ उभी राहिली, 1989 मध्ये पॅरिसला तिचा जाहीरनामा निघाला. गोगलगाय हे त्यांचं चिन्ह. आपलं स्थानिक अन्न आणि ते निवांत बसून खाणं, दोन्ही जपायचं असं त्यांचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटतं, आणि आपल्या हॉटेलवाल्यांनीही दुपारी तीननंतर, गर्दी ओसरली की, बसलेल्या बायकांना बसू द्यावं, मागितल्याशिवाय बिल आणू नये. त्यादिवशी या रेस्टॉरंटवाल्यांनी आणलं नाही. तिरामिसू, म्हणजे त्यांचं कॉफी आणि चीजचं गोड, मग कॉफी, मग परत एक कॉफी. टिप आम्ही मनापासून ठेवली.

निघताना गडहिंग्लजवाली म्हणाली, आयांना आणूया एकदा. तिची आई, माझी आई आणि आणखी दोघींच्या आया एकाच गल्लीत संसार केलेल्या, आयुष्यभर एकमेकींच्या दारात उभं राहूनच बोलल्या, एका टेबलाला बसून निवांत जेवल्यात असं कुणालाच आठवेना. तर संक्रांतीच्या आधी एक दुपार ठरवतोय, गुरुवार सोडून. माझ्या आईचे दात गेलेत म्हणून रिसोट्टो आधीच सांगून ठेवणार, आणि पिझ्झ्याबरोबर मिरची वेगळी मागवणार, कारण तिला ती लागतेच.