रविवारची पहाट कोणाच्या वाट्याला?

हिवाळा सुरू झाला की बडोद्यातील आमच्या ओळखीच्या मंडळींच्या फेसबुकवर पदकांची छायाचित्रे येऊ लागतात. कोणी वडोदरा मॅरेथॉन पूर्ण केलेली असते, कोणी मुंबईची, कोणी गोव्याला जाऊन ट्रायथलॉन, तर कोणी सायकलवरून दोनशे किलोमीटर. आणि जवळजवळ प्रत्येक छायाचित्राखाली ‘घरच्यांच्या पाठिंब्याशिवाय हे शक्य नव्हते’ असे लिहिलेले असते. ते खरेच असते. मात्र हा पाठिंबा आठवड्याला किती तासांचा होता आणि तो घरातील कोणी दिला, हे कोणीच लिहीत नाही. लहान मुले असलेल्या घरात धावण्याचा किंवा सायकलचा नाद लावून घेण्याआधी नेमका तोच हिशेब मांडला पाहिजे, आणि शर्यतीचे अंतर त्या हिशेबावरून ठरवले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मी स्वतः धावते, नोकरी करते, घरात दोन शाळकरी मुले आणि सासूबाई आहेत. तेव्हा हे काठावर उभे राहून केलेले शेरे नाहीत.

पूर्ण मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची. तिच्या तयारीत शेवटच्या दोन महिन्यांत 30 ते 32 किलोमीटरच्या लाँग रन येतात. तुमच्याआमच्यासारखा माणूस किलोमीटरला सात मिनिटे या गतीने धावला, तर त्याला साडेतीन तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. त्यात तयारी, जाणे-येणे, अंघोळ, नाश्ता मिळवा. आणि मुख्य म्हणजे त्यानंतरची दुपार मिळवा, कारण बत्तीस किलोमीटर धावून आलेला बाप किंवा आई दुपारी मुलांना घेऊन कमाटीबागेत जात नाही, तर पंख्याखाली आडवी होते. सायकलवाल्यांचे गणित याहून मोठे आहे. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब सायकलफेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे तो रविवार घराच्या खात्यातून गेलाच. अर्ध्या आयर्नमॅन या ट्रायथलॉनमध्ये 1.9 किलोमीटर पोहणे, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणे असते. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या शिकायच्या आणि टिकवायच्या, त्यामुळे आठवड्याचे आठ-दहा तास सहज जातात आणि त्यात तरणतलावाच्या ठरलेल्या वेळा पाळाव्या लागतात त्या वेगळ्याच.

याउलट हाफ मॅरेथॉनची, म्हणजे 21.1 किलोमीटरची, तयारी आठवड्याला चार-साडेचार तासांत बसते. मधल्या वारी तीनदा पाऊण-पाऊण तास आणि रविवारी फार तर 16 ते 18 किलोमीटर, म्हणजे दोन तासांच्या आसपास. पाच वाजता बाहेर पडलेले माणूस साडेसातला घरी असते आणि मुले अजून डोळे चोळत असतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आहे. हाफची तयारी करणारा त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला पोचतो. प्रकृतीसाठी म्हणून जे हवे ते एवढ्यात मिळते. त्यापुढचे किलोमीटर हौसेचे आहेत, आणि हौसेला माझी ना नाही. फक्त तिचे बिल कोणाच्या नावावर फाटते ते पाहावे. धाकटे मूल दहा वर्षांचे होईपर्यंत आईबापांनी हाफच्या पुढे जाऊ नये, असे मी म्हणते तेव्हा धावणाऱ्या मित्रांना ते भित्रेपणाचे वाटते. वाटू द्यावे.

आता घरातले चित्र. आपल्याकडच्या अनेक शाळांची सकाळची पाळी सातच्या सुमारास भरते. म्हणजे व्हॅन सव्वासहाला कोपऱ्यावर येते, त्याआधी दोन डबे भरलेले हवेत, आणि त्यासाठी पावणेसहाला तवा तापलेला हवा. एका शेगडीवर कुकर, दुसरीवर पोळ्या, ओट्यावर उघडे डबे, धाकटीची वेणी अर्धी घातलेली, थोरल्याचा एक मोजा सापडत नसलेला. बडोद्याच्या उन्हाळ्यात, जेव्हा पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा बाहेर धावता येण्याजोगा वेळही हाच असतो. त्या वेळी अकोटा-दांडिया बाजार पुलावर किंवा कमाटीबागेच्या कडेने एक फेरी मारून पाहावी: चाळिशीचे पुरुष भरपूर दिसतात, साठीच्या पुढच्या स्त्रिया चालताना दिसतात, आणि शाळकरी मुलांच्या आया मात्र अगदी मोजक्या. त्या आळशी आहेत म्हणून नव्हे. याच पावणेसहाच्या तव्यापाशी त्या उभ्या आहेत, आणि त्या तिथे उभ्या आहेत म्हणूनच त्यांचे यजमान पुलावर आहेत.

म्हणून ‘वेळ काढला की मिळतो’ हा उपदेश मला पटत नाही. दोन मुलांच्या घरात मोकळा वेळ कुठे सांडलेला नसतो; एकाने घेतला की तो दुसऱ्याच्या वाट्यातून जातो. आमच्या घरी यावर जी तोड निघाली ती अगदी रुक्ष आहे. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर वार वाटून घेतलेले आहेत. सोमवार आणि गुरुवार सकाळ माझी, मंगळवार आणि शुक्रवार सकाळ नवऱ्याची, रविवार आळीपाळीने. ज्याची सकाळ नसेल त्याच्याकडे डबे आणि व्हॅन. कणीक रात्री मळून ठेवायची आणि भाजी चिरून ठेवायची, हे दोघांचे काम. नवऱ्याच्या पोळ्या आकाराने भारताच्या नकाशाकडे झुकतात, परंतु डबा रिकामा होऊन परत येतो. तिसरे सत्र संध्याकाळी, जमेल तसे. सासूबाईंवर काहीही गृहीत धरायचे नाही, हे सर्वांत आधी ठरवले. त्यांनी आपली मुले वाढवली आहेत, आमच्या छंदासाठी त्यांची पहाट मोडण्याचा आम्हाला अधिकार नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी शरीराबद्दलही थोडे सांगते, कारण वेळ कमी असलेला माणूस नेमका घाई करतो. मिळालेल्या पाऊण तासात जीव तोडून धावले म्हणजे वसूल झाले, असे वाटते. प्रत्यक्षात दमश्वास वाढतो तो मुख्यतः सावकाश धावण्याने, शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतक्या गतीने. त्या गतीला स्नायूंतील केशवाहिन्या आणि पेशींमधील मायटोकॉन्ड्रिया वाढतात, हृदय एका ठोक्याला अधिक रक्त ढकलू लागते. वेगाचा सराव आठवड्यातून एकदा पुरे. दुसरी गोष्ट अशी की दम काही आठवड्यांत सुधारतो, परंतु कंडरा आणि हाडे बळकट व्हायला महिने लागतात. त्यामुळे दीड-दोन महिन्यांनी, जेव्हा आपण आता कितीही धावू शकतो असे वाटू लागते, तेव्हाच नडगी किंवा टाच बोंबलते. यावर उपाय जुनाच आहे. ज्या गावात जुम्मादादा व्यायाम मंदिर या व्यायामशाळेचे प्रोफेसर माणिकराव होऊन गेले, त्या गावच्या माणसाला बैठकांचे महत्त्व दुसऱ्याने सांगावे हे जरा लाजिरवाणेच. बैठका आणि पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वरखाली करणे, एवढे आठवड्यातून दोनदा केले तरी गुडघे आणि पोटऱ्या आभार मानतात; मुले समोर गृहपाठ करीत असतानाही हे होते.

स्त्रियांबाबत दोन गोष्टी उघडपणे लिहायला हव्यात, कारण धावणाऱ्यांच्या गटांमध्ये त्या बोलल्या जात नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे धावताना लवकर धाप लागणाऱ्या बाईला ‘स्टॅमिना वाढवा’ असे सांगण्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातील लोहाच्या साठ्याचे माप) तपासणे शहाणपणाचे आहे. लोह कमी असेल तर सराव वाढवून काहीही साधत नाही. जेवणावर लगेच चहा पिण्याची आपली सवयही लोह शोषू देत नाही. तो तासभर उशिरा घ्यावा आणि पालेभाजीवर लिंबू पिळावे. दुसरी गोष्ट बाळंतपणानंतरची. धावताना किंवा उडी मारताना लघवीचे थेंब जाणे हे ‘आता असेच चालायचे’ म्हणून सोडून देण्यासारखे नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू अशक्त झाल्याचे ते लक्षण असते आणि फिजिओथेरपिस्टच्या मदतीने ते बरेच सुधारते. ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांनी 2019 साली केलेल्या मार्गदर्शनात बाळंतपणानंतर किमान बारा आठवडे धावू नये असे म्हटले आहे, आणि त्यानंतरही स्नायूंची तपासणी करूनच.

याच संदर्भात 2018 सालचे एक छायाचित्र आठवते. आल्प्समधील यूटीएमबी या सुमारे 170 किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत सोफी पॉवर ही ब्रिटिश धावपटू थांब्यावर बसून आपल्या तीन महिन्यांच्या बाळाला पाजत होती. ते जगभर फिरले, आपल्याकडेही ‘आई काहीही करू शकते’ अशा मथळ्यांनी फिरले. तिने स्वतः सांगितलेली हकीकत मात्र निराळी आहे. दुखापत झाली तर त्या शर्यतीतील प्रवेश पुढच्या वर्षी ढकलता येत असे, गर्भारपणासाठी ढकलता येत नसे. आधीच्या बाळंतपणात तिचा प्रवेश असाच बुडाला होता. म्हणजे ज्या गोष्टीचे आपण कौतुक केले ती एका अन्यायकारक नियमाची परिणती होती. पुढे ती या नियमांविरुद्ध बोलत राहिली. मला त्या छायाचित्रापेक्षा हे बोलणे अधिक महत्त्वाचे वाटते, आणि आपल्या शहरातील शर्यतींच्या आयोजकांना नावनोंदणीच्या वेळी प्रत्येकीने हा प्रश्न विचारावा असेही वाटते.

झोपेबद्दल मी कडक आहे. मूल रात्री तापाने फणफणले असेल आणि चार तासही डोळ्याला डोळा लागला नसेल, तर सकाळचे सत्र रद्द. ते उद्यावर ढकलायचेही नाही, सरळ सोडून द्यायचे. एक आठवडा बुडाल्याने कोणाचीही तयारी मोडत नाही. नवरात्रात तर आम्ही धावणे जवळजवळ बंदच ठेवतो, कारण मध्यरात्रीपर्यंत गरबा खेळणाऱ्याला पहाटे उठवणे हा अत्याचार आहे. (नऊ रात्री तीन-तीन तास न थांबता फेर धरणारी माणसे ‘आपल्याच्याने धावणे होणार नाही’ म्हणतात, तेव्हा मात्र मला हसू आवरत नाही.) पतंगांच्या दिवसांत, जानेवारीच्या सुरुवातीपासून वासी उत्तरायणापर्यंत (उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत), सायकल घरीच. त्या दिवसांत रस्त्यावर आडवा आलेला मांजा गळा कापतो. स्कूटरला पुढे तारेची कमान तरी लावता येते, खाली वाकून सायकल चालवणाऱ्याला तिचा फारसा आधार नाही.

यंदा आमच्याकडे दोघांचीही हाफच आहे. धाकटी अजून दुसरीत आहे, त्यामुळे नवऱ्याच्या मनातली फुल मॅरेथॉन आणखी काही वर्षे मनातच राहील. तोवर त्याने पोळ्या गोल करण्याचा सराव करावा. माझी अडचण संध्याकाळच्या सत्राची आहे. साडेसातनंतर मांजलपूर, मकरपुरा या बाजूला जिथे दिवे नीट आहेत, कुत्री मागे लागत नाहीत आणि एकट्या बाईला निर्धास्तपणे चार-पाच किलोमीटर धावता येतील, असे रस्ते कोणाला ठाऊक असतील तर कृपया खाली लिहावे. दोघी-तिघी जमल्या तर बुधवारी एकत्रच निघू.