दोन दिवस वाया गेले म्हणे

परवा फॅमिली ग्रुपवर चुलतभावाने फोटो टाकला. तो नागपुरात सरकारी अधिकारी आहे. हॉल, बॅनर, आणि प्लेटमध्ये तर्री पोहे (वरून चणे, शप्पथ तोंडाला पाणी सुटलं). खाली लिहिलं होतं, "स्त्री-पुरुष समानतेचं ट्रेनिंग. दोन दिवस वाया. नवराबायकोच्या भांडणात सरकारनं काहून पडाव?" त्यावर सगळ्यांच्या हसऱ्या इमोजी, काकांची पण.

माझं डोकंच सटकलं. अरे बाबा, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम ११ आहे, पोलिसांपासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांना वेळोवेळी ट्रेनिंग द्यायचं हे सरकारचं कामच आहे, कोणाची हौस नाही. पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करावा असंही त्याच कायद्यात लिहिलंय, पण बाई आधी पोचते ती कोणाच्या तरी टेबलापाशी, आणि टेबलामागचा म्हणाला "जा बाई, घरी मिटवून घ्या", की ते ६० दिवस सुरूच होत नाहीत. तो टेबलामागचा म्हणजे तूच ना रे!

मग मी इकडचं, ऑस्ट्रेलियाचं सुनावलं. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात २०१६ ला कौटुंबिक हिंसाचारावरच्या रॉयल कमिशनने, म्हणजे चौकशी आयोगाने, २२७ शिफारशी केल्या, सरकारने सगळ्या मान्य केल्या. अशा भांडणासाठी पोलीस घरी आले की एल-१७ भरतातच, म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराचा रिपोर्ट. २०२३ पासून नोकरीत १० दिवसांची भरपगारी रजा मिळते, फक्त याच कारणासाठी.

भाऊ म्हणे, "मंग तिकडं बायका मार नाही खात का वं ताई?"

खातात. तेवढं मी टाइप केलं नाही.

आणि हेही टाइप केलं नाही की मी इथल्या काउन्सिलमध्ये, म्हणजे नगरपालिकेत नोकरीला आहे, आमचं हे ट्रेनिंग ऑनलाइन असतं, आणि मी ते लंचला डबा खाता खाता नेक्स्ट नेक्स्ट करत संपवलं, सर्टिफिकेट पण आलं. त्याच महिन्यात मेलबर्नमधल्या टार्नीटच्या ट्रेनमध्ये आमच्या गल्लीतली एक मुलगी भेटली, आपल्या विदर्भातलीच, बोलणं ऐकूनच कळलं होतं. म्हणाली पासपोर्ट नवऱ्याकडे असतो, आणि मायकीवर (ट्रेन-बसचं कार्ड) कुठे टच ऑन केलं तेही तो रोज बघतो. यावर अख्खी स्लाइड होती हो. मी काय म्हणाले? "पीआर होऊ दे, तोवर सांभाळून घे." (पीआर म्हणजे इथे कायम राहायची परवानगी.) नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात आमची मोठी आई बोलायची ना, अगदी त्याच सुरात. पंधरा वर्षं झाली मला इकडे येऊन.

तिचा नंबर आहे माझ्याकडे. ऑरेंज डोअरचा पण आहे, अशा बायकांना मदत करणारी इथली सेवा. भावाला मात्र काल रात्री आणखी तीन लिंका पाठवल्या.